आठव्या नळाचं पाणी

सगळं गाव ज्यांना बाटलीवाले म्हणायचं, त्या आमच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी जन्मात कधी दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. त्यांच्या बाटल्या पाण्याच्या. पाणीपुरवठा खात्यात ते नळाच्या पाण्याचे नमुने गोळा करायचे आणि त्याच इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत, ज्यांना आम्ही मोठ्या तोऱ्यात लॅब म्हणतो, मी ते तपासायची. एकोणीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. तेवढ्या वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं माझी धाकटी जाऊ एका दुपारी बोलते.

आधी मला ते बावळट वाटले होते. खरं सांगायचं तर पुढची पाच-सहा वर्षंही वाटतच राहिले. मला हळू माणसांचा राग येतो आणि ते भयंकर हळू होते. दर मंगळवारी ठरलेले आठ नळ. प्रत्येक ठिकाणी जाणार, तोटी पुसणार, छोट्या स्पिरिटच्या दिव्याने ती शेकणार, मग घड्याळ बघून दोन मिनिटं पाणी वाहू देणार आणि मगच बाटली धरणार. बाटलीच्या तोंडाला बोट लागलं तर ती बाजूला ठेवून दुसरी काढणार. जंतू तपासायचे तर हे असंच करायचं असतं, मला माहीत आहे, शिकवलंय मला. पण नियमात लिहिलेलं इतकं मनावर घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"दीड मिनिटाने काय आभाळ कोसळतं का?" मी एकदा विचारलं होतं.

"नाही कोसळत, ताई. पण मग पुढच्या वेळी वाटेल, एका मिनिटाने काय कोसळतं."

मी वयाने त्यांच्याहून लहान, तरी मला ते ताईच म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायची.

काका एका कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. काकू जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक लांबच्या शहरात, नोकरी, दोन मुलं, त्यातून वेळ काढून दर रविवारी फोन करायची. "चार मिनिटं होतात," काका म्हणाले होते, "मग तिला कामं असतात." तक्रार नव्हती ती. त्यांनी घड्याळ लावलं असणार, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी हसले होते. आता आठवलं की लाज वाटते. एकट्या माणसाला हळूहळू सवय होते असं आपण म्हणतो, कारण तसं म्हटलं की आपल्याला त्याच्याकडे जावं लागत नाही.

आठांपैकी सात नळांवर त्यांच्याशी कुणी बोलत नसे. शाळेत शिपाई मानेनेच दिशा दाखवायचा. दवाखान्यात मागच्या दाराने जायचं. बेकरीवाला म्हणायचा, "लवकर आटपा, गिऱ्हाईक खोळंबलंय." आठवा नळ मात्र ऑपरेटरबाईंचा.

ऑपरेटरबाई म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, सत्तरीच्या पुढच्या बाई. गावाच्या टोकाला, जिथे आमची पाइपलाइन संपते, त्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. लाइनच्या शेवटी पाणी सगळ्यात वाईट असतं म्हणून एक नळ तिथला घ्यावाच लागतो. खाली बंद पडलेलं छापखान्याचं दुकान, वर बाईंच्या तीन खोल्या. दार उघडलं की बाई "नमस्कार" म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "बोला!" पस्तीस वर्षांची सवय. आणि मग समोरच्याला बोलू द्यायच्या नाहीत.

काकांना ते फार आवडायचं. बाटल्यांची बर्फाची पेटी खाली ठेवायची, तोटी शेकायची, घड्याळ लावायचं, आणि त्या दोन मिनिटांत बाईंकडून सगळ्या गावाची खबर घ्यायची. त्यानंतर चहा. चहाला तासभर. मंगळवारी बाटल्या माझ्याकडे साडेबाराच्या आत यायच्या असत, त्या एक वाजता यायच्या, आणि मी तणतणायची. बर्फ वितळायला लागलेला असायचा. एवढा नियमाचा माणूस, पण त्या एका तासाबद्दल त्यांनी कधी माफी मागितली नाही.

आता शिशाची भानगड सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

वर्षातून एकदा पाण्यात धातू आहेत का ते बघायचं असतं. आमच्या लॅबमध्ये ते होत नाही, मोठ्या शहरात बाटल्या पाठवाव्या लागतात. या नमुन्याचा नियम नेमका उलटा. इथे पाणी सोडून द्यायचं नाही. रात्रभर पाइपमध्ये उभं राहिलेलं पाणी, सकाळची पहिली धार, तीच बाटलीत घ्यायची. कारण शिसं असलं तर ते पाइपमधून रात्रभर पाण्यात उतरत असतं, आणि नळ दहा मिनिटं वाहिला की ते धुऊन जातं. पहिली धार चुकली तर तपासणी करून न केल्यासारखीच.

काका दरवर्षी आदल्या दिवशी बाईंना फोन करून सांगायचे, "उद्या सकाळी साडेसातला येतो. मी येईपर्यंत नळ उघडायचा नाही." बाई म्हणायच्या, "कळलं हो, दरवर्षी काय सांगता!" आणि अकरा वर्षं त्या नळाचा निकाल अगदी स्वच्छ यायचा. मी तो माझ्या हाताने रजिस्टरमध्ये चढवत आले. गावाच्या शेवटच्या टोकाला पाणी चांगलं आहे, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचीसुद्धा.

गेल्या वर्षी निकाल आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. जिथे दहापर्यंत चालतं, तिथे आठव्या नळाला एकशे बेचाळीस.

"बाटली घाण होती तुमची," मी काकांना म्हणाले. माझा स्वभाव असा, आधी तोंड सुटतं.

"बाटली मीच धुतली होती, ताई."

"मग काहीतरी चुकलं असेल. परत घ्या."

नियमात तशी सोय आहे. एकदा फेरनमुना घ्यायचा, तो स्वच्छ निघाला तर पहिला बाटलीचा दोष म्हणून खोडून टाकायचा. काकांनी पुन्हा फोन केला, पुन्हा साडेसातला गेले, पुन्हा बाटली शहरात गेली. निकाल आला तीन. फक्त तीन! मी लाल पेन उचललं. काकांनी कधी नव्हे तो माझ्या टेबलावर हात ठेवला.

"थांबा दोन दिवस."

"कशाला?"

"पहिल्या वेळी बाई झोपलेल्या होत्या. मी येणार हे त्या विसरल्या होत्या. दार उघडायलाच पाच मिनिटं लागली. दुसऱ्या वेळी सगळं तयार होतं." एवढं एका दमात बोलणं त्यांच्या दृष्टीने भाषणच होतं.

त्याच दुपारी ते बाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. बाईंनी लपवलं काहीच नाही, उलट कौतुकाने सांगितलं. पहाटे पाचला त्या उठायच्या. नळातलं रात्रीचं पाणी दोन पातेली आणि एक किटली भरून स्वतःसाठी काढून ठेवायच्या. मग नळ अर्धा तास सोडून द्यायच्या आणि काका यायच्या आत बंद करायच्या. काकांनी सांगितलेलं त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण दारी आलेल्या माणसाच्या बाटलीत शिळं पाणी भरायचं?

"तुम्ही ते पाणी एवढं जपून बर्फातून नेता," बाई म्हणाल्या, "तिकडे मोठ्या शहरात तपासतात. त्यांना काय शिळं पाठवायचं? आपल्या गावाची लाज निघाली असती. म्हणून चांगलं ताजं काढून ठेवायची तुमच्यासाठी."

"आणि ते शिळं?"

"ते टाकून द्यायचं होय? ते मी पिते, रोज सकाळी तेच. चहालाही तेच. उकळून घेते ना, उकळल्यावर काय राहतंय त्यात!"

उकळल्याने जंतू मरतात. शिसं मरत नाही, पाणी आटतं तसं दाटच होतं. हे काकांना माहीत होतं. त्यांनी ओट्याखाली वाकून पाइप बघितला. मळकट करड्या रंगाचा, जुना, मऊ. खिशातलं नाणं काढून त्यावर ओरखडा काढला तर आत लख्ख चकाकलं. शिशाचा पाइप नाण्याने असाच ओळखतात. बाहेरची मुख्य लाइन आम्ही कधीच बदलली होती, पण रस्त्यापासून घरात येणारा तुकडा घरमालकाचा, तो कुणी पाहिलाच नव्हता. आणि अकरा वर्षं ती बाई आम्हाला चांगलं पाणी देऊन विष स्वतः पीत होती. त्या वर्षी ती विसरली नसती, तर अजूनही आम्हाला कळलं नसतं.

मग काकांच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. दोन वर्षांपासून बाई कालचं आज विसरत होत्या. पोटात कळा येत, त्या गॅसेसवर ढकलत. चेहरा पांढरा पडला होता. उजवं मनगट वर उचलायला त्रास व्हायचा, कप दोन्ही हातांनी धरायच्या. डॉक्टर म्हणाले होते, वय झालं. वय झालं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

"बाई, हे मला लिहून द्यावं लागणार," काका म्हणाले.

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा बोलणं थांबवलं. मग म्हणाल्या, "लिहू नका."

घर बाईंच्या भावाचं. भाऊ गेला, आता भाच्याच्या नावावर. भाचा वाईट नव्हता. मी त्याला नंतर भेटले, आत्याची काळजी होती त्याला. पण दोन वर्षं तो म्हणतच होता, आत्या, एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल, हे घर काढून टाकू. बाईंनी कसंबसं थोपवून धरलं होतं. घरातलं पाणी पिण्यालायक नाही असा सरकारी कागद एकदा हातात पडला की त्याला दुसरं काही नकोच होतं.

"मी उद्यापासून नळ सोडून मगच पिईन," बाई म्हणाल्या. "तुमची शपथ. पण लिहू नका हो. मला इथून हलवतील. तिकडे त्या फ्लॅटमध्ये मी काय करू? मला या खिडकीतून सगळी गल्ली दिसते."

आणि काका म्हणाले, "नाही लिहीत."

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून. एकोणीस वर्षांत दीड मिनिट चालवून न घेणारा माणूस! मी ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. तीन हा आकडा समोर होता, पहिला नमुना खोडायची मुभा होती, आणि तो कागद वर गेला असता तर पहिला प्रश्न मलाच विचारला असता, की अकरा वर्षं तुम्ही काय तपासत होता. मी म्हणाले, "कागद माझ्याकडे राहू दे. बघू." माझ्या भित्रेपणाला मी बघू म्हणते.

काकांनी तोड काढली होती. लिहायचं नाही, पण पाणीही प्यायला द्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी कामाच्या आधी आपल्या घरचं पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून सायकलवरून बाईंकडे न्यायला लागले. त्यांच्या घरचे पाइप नवे, लोखंडी, तेही त्यांनी नाण्याने तपासले होते. जिना चढायचा, कॅन ओट्यावर ठेवायचा, आदल्या दिवशीचा उचलायचा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यांची बोंब. पण सांगते, त्या तीन आठवड्यांत मी काकांना जसं पाहिलं तसं आधी कधी नव्हतं पाहिलं. नवा शर्ट घालून आले एक दिवस. एकदा तर लॅबमध्ये शीळ घालत आले आणि मला पाहून गप्प झाले. पूर्वी आठवड्यातून एक तास कुणी बोलायचं त्यांच्याशी, आता रोज अर्धा तास. मंगळवारची वाट बघायची गरज राहिली नव्हती.

त्यामुळेच त्यांना दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, किंवा दिसलं आणि त्यांनी पाहिलं नाही. कॅन रोज रिकामा व्हायचा. बाई म्हणायच्या, "चांगलं गोड पाणी आहे हो तुमच्याकडचं." खिडकीतल्या कुंड्या मात्र त्या तीन आठवड्यांत कधी नव्हत्या तशा तरारून आल्या होत्या. काकांनी त्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी जिन्यातच त्यांना भांडं पडल्याचा आवाज आला. दार लोटलेलं होतं. आत बाई जमिनीवर बसल्या होत्या, डावं पाऊल धरून. मनगटाने दगा दिला आणि उकळती किटली पायावर पडली होती. काकांनी पाऊल बादलीत बुडवलं, वर गार पाणी ओतत राहिले. कातडी लाल झाली होती, फोड मोठे आले नाहीत, तेवढं नशीब. ते ओतता ओतता त्यांच्या लक्षात आलं की कॅन ओट्यावर भरलेला आहे. कालचा. झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

"बाई, चहाला पाणी कुठलं घेतलंत?"

"नळाचं."

"आणि हे?"

बाई लहान मुलाला समजावावं तसं म्हणाल्या, "अहो, ते रात्रभर डब्यात राहिलेलं असतं. शिळं होतं ना ते. झाडांना घालते मी. आज घालायचं राहिलं. प्यायला आपला नळ आहेच की, ताजा."

"पण नळ आधी सोडायचा असं ठरलं होतं आपलं."

"कधी?" बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. काकांनी शपथेची आठवण दिली, पाइप दाखवला, नाण्याचा ओरखडा दाखवला. बाईंना त्यातलं काहीएक आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की कुठलासा कागद आहे आणि तो लिहायचा नाही.

त्यांना दवाखान्यात पोचवून काका लॅबमध्ये आले तेव्हा दहा वाजले होते. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. खुर्चीवर बसले नाहीत.

"ताई, तो कागद द्या."

मी काढून दिला. त्यावर सह्या दोन लागतात, नमुना घेणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. त्यांनी आपल्या गोल गोल अक्षरात सगळं लिहिलं. अकरा वर्षं पहिली धार मिळालीच नव्हती, हेही लिहिलं आणि ती चूक माझी आहे, मी पहाटे जाऊन बसायला हवं होतं, असं स्वतःवर घेतलं. माझ्याकडे कागद सरकवताना म्हणाले, "तुमचं नाव यात यायला नको. मी वरच्या साहेबांना सांगेन, घाईत एकाच सहीने पाठवला." मी एकदाच नको म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाही.

पुढचं भराभर झालं. बाईंचं रक्त तपासलं, त्यात शिसं सापडलं. गल्लीतली बाकीची घरं आम्ही धुंडाळली, नऊ घरांत तोच करडा पाइप निघाला. एका घरात सात महिन्यांचं बाळ होतं, त्याचं दूध त्याच पाण्यात कालवत होते. पाइप बदलले. गल्लीतल्या लोकांनी रस्ता खणला म्हणून आम्हाला शिव्या घातल्या, आभार एकानेही मानले नाहीत. काकांना वरून एक कडक पत्र आलं. त्यांनी ते दोनदा वाचून घडी करून खिशात ठेवलं.

भाचा गाडी घेऊन आला. बाईंची बॅग काकांनीच खाली आणली. बाईंना नीटसं कळत नव्हतं काय चाललंय. भाच्याला म्हणाल्या, "हे फार चांगले आहेत हो, रोज येतात." गाडीत बसता बसता काकांना विचारलं, "तुम्ही नाही चलत?" काका म्हणाले, "येतो मागाहून." गाडी गेली. त्यांना मंगळवारच्या बाटल्या पोचवायच्या होत्या, त्या त्यांनी साडेबाराच्या आत पोचवल्या.

त्यानंतरच्या महिन्यांत काका आणखी कमी बोलायला लागले. मला वाटलं होतं, त्याहून कमी बोलणं जमणारच नाही. पण जमतं, माणूस "हं"वरसुद्धा दिवस काढतो. नवा आठवा नळ गल्लीच्या अलीकडच्या घरात घेतला. तिथला माणूस घरून काम करायचा, कानाला ते बोलायचं यंत्र लावून दार उघडायचा आणि बोटाने स्वयंपाकघर दाखवायचा. मी एकदोनदा काकांना घरी जेवायला बोलावलं. आले, जेवले, ताट धुऊन ठेवलं, गेले. मला बरं वाटलं, त्यांना वाटलं की नाही माहीत नाही.

आठ महिन्यांनी भाच्याचा फोन आला लॅबमध्ये. आत्याच्या तब्येतीत खूप फरक आहे, उपचार लागू पडले, मनगट सुधारलं, विसरणं तर जवळजवळ गेलंच, तुमच्या त्या काकांना सांगा. मी धावत जाऊन सांगितलं. काका भिंतीकडे तोंड करून बाटल्या विसळत होते. पाठ तशीच ठेवून म्हणाले, "रविवारी जाऊन येतो." रविवारी लेकीचा फोन असतो, हे मला आठवलं. त्यांनाही आठवलंच असणार.

सोमवारी ते वेळेवर आले. मी हातातलं काम टाकून विचारलं, "काय म्हणतात बाई? कशा आहेत?"

"एकदम बऱ्या आहेत, ताई. स्वतः दार उघडलं. माझ्यासमोर सुईत दोरा ओवला." ते पेटी पुसत होते. "मला लगेच ओळखलं."

"मग? खूश झाल्या असतील!"

काकांनी पेटीची कडी लावली, परत काढली. मग सांगितलं, थांबत थांबत. घरात त्या दिवशीही बाईंखेरीज कुणी नव्हतं. भाचा, त्याची बायको दोघं कामावर, रविवारीसुद्धा. मुलं क्लासला. अकराव्या मजल्यावरची खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. बाईंनी त्यांना बसा म्हटलं. चहा विचारला नाही. मग म्हणाल्या, मला आता सगळं आठवतं. मी तुम्हाला लिहू नका म्हणाले होते. तुम्ही नाही लिहीत म्हणाला होतात.

"तुम्ही सांगायचं ना, का लिहिलं ते!" माझा आवाज चढला. "त्या बाळाचं सांगायचं. पायाचं सांगायचं."

"सांगितलं. त्यांना पटलं. म्हणाल्या, बरोबर केलंत तुम्ही. मरून गेले असते मी." काकांनी हातातलं फडकं घडी केलं. "मग म्हणाल्या, आधी तिथे दिवस कसा जायचा मला कळायचं नाही हो. आता डोकं साफ झालंय. आता इथला एकेक तास कळतो."

मी उगाच रजिस्टर उघडलं. 

"मग म्हणाल्या, परत येऊ नका. तुम्ही येऊन गेलात की पुढचा दिवस आणखी मोठा होईल." काकांनी पेटी उचलली, खाली ठेवली. "रागावल्या नव्हत्या, ताई. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण लिहायलाच हवं होतं ना?"

"हो, काका," मी म्हणाले. "लिहायलाच हवं होतं."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते दाराशी उभे होते. मी त्यांच्याजवळ जायला हवं होतं, त्या कागदावर दुसरी सही माझी हवी होती हे तरी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी नाही म्हणाले. ते पेटी घेऊन बर्फ आणायला गेले, दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.